मननाची कुळकथा

नवी मुंबईच्या गावठाणांत आठवड्यातला एक ठरलेला वार श्रीसमर्थ बैठकीचा असतो. घरचा स्वयंपाक आटोपून आलेल्या बाया, पाळी संपवून आलेले कारखान्यांतले कामगार, बाजार समितीत दिवसभर ओझी वाहिलेले माथाडी जमिनीवर मांडी घालून बसतात. पुरुषांची बैठक वेगळी, महिलांची वेगळी, मुलांची वेगळी. दासबोधातल्या ओव्या वाचल्या जातात आणि त्यांवर निरूपण होते. कोणाकडून पैसा घेतला जात नाही. ‘जय सद्गुरू’ म्हणत श्रीसदस्य, म्हणजे बैठकीला येणारी ही मंडळी, घरोघर पांगतात, तेव्हा त्यांचे काम अर्धेच झालेले असते. ऐकलेले सोबत न्यायचे, पुढच्या बैठकीपर्यंत त्यावर मनन करायचे आणि आपल्या वागण्याला ते लावून पाहायचे, हे उरलेले अर्धे काम.

ध्यान म्हणजे विचार बंद करणे, असा आज सर्वसाधारण समज आहे. डोळे मिटून बसलेला माणूस विचार थांबत नाहीत म्हणून हताश होतो आणि साधना आपल्यासाठी नाही, असे ठरवून उठतो. बैठकीची रीत त्याला वेगळा रस्ता दाखवते. मन शांत व्हायला हवे, हे तिलाही मान्य आहे. पण त्या शांततेची वाट ती विचारामधून काढते. श्रवण, मनन, निदिध्यास अशा तीन पायऱ्यांची ही रीत फार जुनी आहे. तिचे कूळ शोधत गेले, तर विचार आणि शांत मन यांचे भारतीय साधनेतले नाते उलगडत जाते.

मन थांबवण्याची परंपराही तितकीच थोर आहे आणि तिची खूण नवी मुंबईच्या अगदी शेजारी आहे. न्हावा-शेव्यासमोरच्या घारापुरी बेटावर, सहाव्या शतकातल्या मुख्य लेण्याच्या उत्तर दाराशी एका बाजूला तांडव करणारा शिव आहे आणि समोर कमळावर पद्मासन घातलेला योगीश्वर शिव. मन थांबवण्याची ही साधना पतंजलीच्या योगसूत्रांनी शास्त्रात बांधली. चित्ताच्या वृत्तींचा निरोध म्हणजे योग, ही त्यांची व्याख्या सर्वांना ठाऊक आहे. त्याच पहिल्या पादात पुढे आलेली गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. संप्रज्ञात समाधीचे वर्णन करताना पतंजली वितर्क, विचार, आनंद आणि अस्मिता अशी चार नावे घेतात. निरोधाच्या शास्त्रातही विचाराला एक पायरी दिलेली आहे. साधक ती चढतो आणि मग मागे टाकतो.

आपल्या त्रयीचा उगम मात्र बृहदारण्यक उपनिषदात आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत आणि मैत्रेयी व कात्यायनी या दोन पत्नींमध्ये संपत्तीची वाटणी करू पाहत आहेत. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सारी पृथ्वी मला मिळाली, तर मी अमर होईन का? याज्ञवल्क्य सरळ नाही म्हणतात. ज्याने अमृतत्व मिळत नाही ते घेऊन मी काय करू, असे ती म्हणते आणि मग उपदेश सुरू होतो. आत्मा पाहावा, त्यासाठी तो ऐकावा, त्यावर विचार करावा, त्याचे अखंड ध्यान करावे. हा संवाद उपनिषदात दोनदा आला आहे. ध्यानाच्या आधी विचाराला बसवले गेले ते इथे, आणि तेही एका बाईच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात. गुरूने सांगितले म्हणून मान्य करायचे, एवढ्यावर याज्ञवल्क्य थांबले नाहीत. शंका काढाव्यात, तर्काने तपासाव्यात, पटल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे मननाचे काम त्यांनी साधनेतच घातले.

बौद्ध परंपरेतही प्रज्ञेचे असेच तीन प्रकार आहेत: ऐकून आलेली श्रुतमयी, विचाराने आलेली चिंतनमयी आणि भावनेने, म्हणजे प्रत्यक्ष साधनेने, आलेली भावनामयी. इगतपुरीला १९७६ साली सुरू झालेल्या विपश्यना केंद्रात सत्यनारायण गोएंका हीच वाटणी समजावून सांगत. ऐकलेले आणि विचाराने पटलेले उपयोगाचे आहे, पण मुक्ती अनुभवाच्या प्रज्ञेनेच मिळते, यावर त्यांचा भर असे.

तीन पायऱ्यांपैकी मुख्य कोणती, यावर वेदान्त्यांनी शतकानुशतके वाद घातला. वाचस्पती मिश्रांच्या ‘भामती’ टीकेवरून ओळखला जाणारा पंथ म्हणतो, श्रवण-मननाने तयारी होते आणि निदिध्यासाने शुद्ध झालेल्या मनालाच साक्षात्कार होतो. प्रकाशात्मन् यांच्या ‘विवरणा’चा पंथ म्हणतो, ज्ञान देते ते श्रवणच; मनन शंका दूर करते, निदिध्यास उलटे संस्कार पुसतो, ही दोन्ही श्रवणाची मदतनीस. वाद सूक्ष्म आहे, पण तो साधकाच्या रोजच्या प्रश्नाला भिडतो. मी नुसता स्वस्थ बसू की समजून घेऊ? मनन टाळून चालेल, असे मात्र दोन्ही पंथांत कोणी म्हटले नाही.

हा विचार संस्कृतातून मराठीत आला तो शके १२१२ मध्ये, नेवाशाला, ज्ञानदेवांच्या गीतेवरील टीकेतून. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो, की मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणार कसे? श्रीकृष्ण अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. पतंजलींचेही हेच दोन. ज्ञानदेव नाथपंथी. याच अध्यायात त्यांनी कुंडलिनीच्या योगाचे विस्ताराने वर्णन केले आहे. तरीही मनाबद्दल बोलताना ते फार प्रेमाने बोलतात. या मनाचा एक गुण चांगला आहे, त्याला जिथे गोडी लागते तिथे ते सवयीने जाते; म्हणून त्याला आत्मसुखाची गोडी कौतुकाने दाखवत राहावी, असा त्यांचा सल्ला आहे. मनाशी वैर धरून ते शांत होत नाही, ही जाण मराठी साधनेच्या पायात अशी पहिल्यापासून आहे.

समर्थ रामदासांनी या जाणिवेची पद्धत केली. शके १५३० मध्ये जांब गावी जन्मलेल्या समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे जप-तप केले, असे परंपरा सांगते. ज्याने इतका जप केला त्याने जपाचाच ग्रंथ लिहिला असता, तर नवल नव्हते. पण दासबोधात सगळीकडे दिसतो तो विवेक. वीस दशक, दोनशे समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात नवविधा भक्तीची सुरुवात श्रवणाने होते आणि सातव्या दशकात श्रवणावर आणखी दोन समास येतात. ऐकून सोडून देण्याला समर्थ श्रवण म्हणत नाहीत. ऐकलेल्यातले सार निवडायचे, असार सांडायचे आणि प्रचीती येईपर्यंत ते धरून ठेवायचे, इतकी त्यांची अपेक्षा आहे.

त्याच सातव्या दशकात द्वैताच्या कल्पनेचा निरास करणारा समास आहे, आणि माझ्या मते या कुळकथेचा मध्य तिथे आहे. अडचण अशी, की ब्रह्म कल्पनेच्या पलीकडचे आणि मन कल्पनेवाचून राहत नाही. समर्थ कल्पनेचे दोन प्रकार करतात. एक सबळ, म्हणजे भेद आणि संसार रंगवत बसणारी. दुसरी शुद्ध, म्हणजे निर्गुणाचा वेध घेणारी. पहिलीला दुसरीने आवरावे. जे निर्विकल्प आहे त्याचीच कल्पना करत गेले, की धरायला काही न सापडून कल्पना आपोआप मावळते. पायात रुतलेला काटा काट्यानेच काढावा आणि मग दोन्ही टाकून द्यावेत, तशी ही युक्ती. विचाराची जबरदस्तीने मुस्कटदाबी करण्यापेक्षा त्याला त्याच्याच शेवटापर्यंत नेण्याचे धैर्य हिच्यात आहे.

हेच तत्त्व सर्वांच्या तोंडी बसावे म्हणून मनाचे श्लोक आले. २०५ श्लोक, सगळे भुजंगप्रयात वृत्तात, आणि बोलणे थेट मनाशी. समर्थ मनाला सज्जन म्हणून हाक मारतात, समजावतात, कधी कठोर प्रश्न विचारतात. दारोदार भिक्षा मागताना रामदासी हे श्लोक म्हणत, आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या मुलांनी ते शाळेत पाठ केले.

ग्रंथ टिकला तो मठांमुळे आणि शिष्यांच्या हातांमुळे. महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले, असे परंपरा मानते. कल्याणांच्या डोमगाव मठातली प्रत प्रमाण धरली जाते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली, मठामठांतून समर्थ संप्रदायाची बाडे गोळा केली, डोमगावच्या प्रतीवरून दासबोध छापला आणि १९३० मध्ये शिवथरघळीचे स्थान शोधून काढले. त्यांच्या कष्टांमुळे जुन्या बाडांत अडकलेला पाठ लोकांच्या हाती आला.

छापलेला ग्रंथ घरात येणे आणि वाचता न येणाऱ्याच्या मनात उतरणे यांत मोठे अंतर होते. ते अंतर तोडले रेवदंड्याच्या नारायण विष्णू धर्माधिकारी यांनी. लोक त्यांना नानासाहेब म्हणत. ८ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबईत गोरेगावला त्यांची पहिली श्रीसमर्थ बैठक भरली. पुढे कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांतून, आगरी, कोळी, शेतमजूर आणि गिरणी कामगारांच्या वस्त्यांतून बैठका वाढल्या. एकाने वाचायचे, सर्वांनी ऐकायचे, निरूपण आपल्या रोजच्या जगण्याच्या भाषेत करायचे. याज्ञवल्क्यांच्या त्रयीला अक्षरओळखीची अट कधीच नव्हती. नानासाहेबांनी ती त्रयी खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत नेली, आणि जोडीला प्रौढ साक्षरतेचे वर्गही चालवले.

मग या भागावर नवे शहर आले. १७ मार्च १९७० रोजी ते वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. भातखाचरे आणि मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या भूमिपुत्रांच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. जमिनीचा मोबदला आला, नंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या हातात नसलेला रोख पैसा कित्येक घरांत एकदम शिरला. काही घरांत तो दारूत आणि मानपानात वाहून गेला. मैत्रेयीचा प्रश्न करावे-दिवाळ्यापासून उरण-पनवेलपर्यंतच्या उंबऱ्यांवर असा उभा राहिला: एवढे मिळून पुढे काय? बैठकीने त्याला उत्तर दिले ते मननाचे. अनेकांची दारू सुटली ती रोज स्वतःला विचारायची सवय लागल्यामुळे, की आज ऐकले ते मी वागलो का? हे या भागातल्या घराघरांत ऐकायला मिळते आणि मला त्यात नवल वाटत नाही. विचार करणाऱ्या मनाला व्यसनाची ओढ दिसू लागते, आणि दिसलेली ओढ पूर्वीइतकी बळकट राहत नाही.

नानासाहेबांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळाला. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय तथा अप्पासाहेब यांनी पुढे नेले. त्यांनाही तोच पुरस्कार १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर देण्यात आला. लाखो श्रीसदस्य जमले आणि भर उन्हात १४ जणांचे प्राण गेले. हे दुःख न सांगता नवी मुंबईतल्या बैठकीची गोष्ट पुढे नेता येणार नाही. ज्यांनी आयुष्यभर शांतपणे ऐकले त्यांच्या जिवाची काळजी घेणे हे ऐकवणाऱ्या आणि सोहळे भरवणाऱ्या सर्वांचे पहिले कर्तव्य आहे.

आज श्रवण हवे तितके मिळते. फोनवर रात्रंदिवस प्रवचने चालू असतात आणि मन शांत करण्याचे कार्यक्रमही तिथेच मिळतात. पहिली पायरी आणि शेवटची पायरी दोन्ही हाताशी, आणि मधली ओस. ऐकणारा एक प्रवचन संपताच दुसरे लावतो, शांत होऊ पाहणारा न तपासलेल्या प्रश्नांवर शांततेचे पांघरूण घालतो, आणि ते प्रश्न पहिल्या भांडणात, पहिल्या तोट्यात पुन्हा बाहेर येतात. साप्ताहिक बैठकीचा मोठेपणा तिच्या सहा रिकाम्या दिवसांत आहे. त्या दिवसांत भाजी निवडताना, लोकल गाडीत उभे असताना, वाशीच्या बाजारात गोणी उचलताना एखादी ओवी मनात घोळत राहते आणि आपल्याच आयुष्याशी ताडून पाहिली जाते. साधनेत विचाराचे स्थान इतके नेमके आहे. जो प्रश्न विचाराने सोडवला तो मनाला पुन्हा छळत नाही, आणि असे छळणारे प्रश्न संपत जातात तसे मन निवांत होत जाते. म्हणून ज्याला ध्यानात स्थिर बसता येत नाही, त्याने स्वतःला कमी लेखू नये. त्याने चांगले काहीतरी थोडेसे ऐकावे आणि ते आठवडाभर प्रामाणिकपणे तपासावे.