तबकडीवर उरलेला चार्ली ख्रिश्चन



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने वडोदऱ्यातील मराठी शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी अमेरिकेतील जॅझ गिटारवादकाचा विषय निवडावा, हे आपल्यापैकी काहींना विक्षिप्त वाटले असेल. परंतु ज्या शहरात उस्ताद फैयाजखाँ दरबारगायक होते, त्या शहरातील श्रोत्याला एक प्रश्न नवा नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरून एखाद्याचे गाणे कितपत कळते? खाँसाहेबांच्या बाबतीत आकाशवाणीवरील काही दीर्घ ध्वनिमुद्रणे उरली, म्हणून त्यांच्या आलापीचा पैस आपल्याला निदान अजमावता येतो. याच शहरात फैजमहंमदखाँ यांच्यापाशी तालीम घेतलेल्या भास्करबुवा बखल्यांची मात्र एकही तबकडी नाही. अल्लादियाखाँसाहेबांचीही नाही. त्यांची थोरवी आपण शिष्यांच्या गाण्यावरून आणि आठवणींवरून मानतो. कानांनी पडताळून पाहण्याचा मार्ग बंद आहे. संगीताचा इतिहास म्हणून आपण जे लिहितो, तो पुष्कळदा जे टिकून राहिले त्याचाच इतिहास असतो. चार्ली ख्रिश्चन याच्या वादनाविषयी बोलताना हा प्रश्न जितका नेमका हाती येतो, तितका तो मला अन्यत्र क्वचितच आला आहे.

या कलावंताला मी एकेरीत संबोधणार आहे. तो पंचविसाव्या वर्षी गेला. माझ्या वयाच्या माणसाला त्याच्याविषयी 'अहो-जाहो' करणे जड जाते.

ख्रिश्चनचा जन्म २९ जुलै १९१६ रोजी टेक्सास राज्यातील बॉनम येथे झाला आणि तो वाढला ओक्लाहोमा सिटीत. वडील अंध होते, गिटार वाजवीत. मुलांना बरोबर घेऊन ते सुखवस्तू गोऱ्या वस्तीत फिरत आणि वाजवून मिळेल त्यावर घर चाले. कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या डग्लस शाळेतला हा विद्यार्थी. त्याच शाळेत शिकलेले कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी १९५८ साली त्याच्यावर एक निबंध लिहिला. शाळेच्या हस्तव्यवसायाच्या वर्गात चार्ली सिगारच्या खोक्यांपासून गिटारी बनवीत असे, ही गोष्ट आपल्याला त्या निबंधामुळे कळते. संगीतशिक्षिका झेलिया ब्रो यांच्या हाताखाली त्या शाळेत पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण कसोशीने दिले जाई. जॅझला मात्र प्रतिष्ठित कृष्णवर्णीय घरांतूनही फारसा मान नव्हता. तमाशाकडे आणि नाटकातल्या नटांकडे आपल्याकडील पांढरपेशा समाज एकेकाळी कसा पाहत असे, हे आठवले की हा भाग मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही.

आता वाद्याविषयी थोडे. मोठ्या जॅझवृंदात गिटारवाला असे, पण त्याचे काम ठेक्याचे. प्रत्येक मात्रेला एक स्वरसंघात छेडायचा आणि ढोल व खर्जातील बास यांच्या बरोबरीने वृंदाचा पाया धरून ठेवायचा. तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांच्या गर्जनेत गिटारीची एकेरी स्वरावली ऐकू येणेच अशक्य होते. न्यूयॉर्कमध्ये एडी लँग आणि पॅरिसमध्ये जँगो राइनहार्ट यांनी गिटारीला एकल वादनाचे स्थान दिले होते, पण ते लहान मेळ्यांत. १९३६ साली गिब्सन कंपनीने ईएस-१५० हे विद्युत गिटारीचे प्रारूप बाजारात आणले. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे बसवले की तारेचे कंपन विद्युतप्रवाहात उतरते आणि ध्वनिवर्धकातून ते हवे तितके मोठे करता येते. साधन अनेकांच्या हाती आले होते. त्यातून काय बोलावे, हे ज्यांना सुचले त्यांत ख्रिश्चन अग्रभागी होता. त्याने गिटारवादकांपेक्षा सॅक्सोफोनवादकांकडे अधिक कान दिला. विशेषतः लेस्टर यंगचे सैल, लांब श्वासाचे, तालाच्या किंचित मागे रेंगाळणारे वाक्य त्याने तारेवर आणले, असे त्याच्या वादनावरून स्पष्ट दिसते.

ऑगस्ट १९३९ मध्ये जॉन हॅमंड या संगीतपारख्याने त्याला लॉस एंजेलिसला बेनी गुडमनपुढे उभे केले. गुडमनला प्रथम काही विशेष वाटले नाही. त्या रात्री व्हिक्टर ह्यूगो या उपाहारगृहातील कार्यक्रमात हॅमंडने एका वादकाच्या साहाय्याने ख्रिश्चनचा ध्वनिवर्धक गुपचूप मंचावर नेऊन ठेवला. चिडलेल्या गुडमनने 'रोझ रूम' ही चीज काढली, पोरगा तिथे अडेल या हिशेबाने. ती चीज चाळीस मिनिटांहून अधिक वेळ चालली, असे हॅमंड सांगत. हकीकत सांगणाऱ्याचा स्वतःचा वाटा तीत मोठा आहे, तेव्हा ती थोडी मीठ लावूनच घ्यावी. एवढे मात्र निर्विवाद की गुडमनने त्याला तत्काळ आपल्या षटकात घेतले. कृष्णवर्णीय आणि गोरे वादक एकाच मंचावर बसवणारे असे मेळे त्या काळच्या अमेरिकेत विरळा होते.

२ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये या षटकाची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. हीच 'रोझ रूम' त्यांत आहे, आणि ती तीन मिनिटांत संपते! त्याच दिवशी मुद्रित झालेली 'फ्लाइंग होम' मी प्रथम ऐकण्यासाठी सुचवीन. क्लॅरिनेट, व्हायब्राफोन आणि गिटार एकमुखाने गत मांडतात, मग ख्रिश्चन एकटा निघतो. आपल्याकडे आवर्तनाचे भान राखून तान समेच्या अलीकडे-पलीकडे नेतात, त्याच जातीचा हा खेळ आहे. त्याचे वाक्य चौकटीच्या आरंभी सुरू होत नाही आणि ऐकणारा ज्या ठिकाणी विरामाची अपेक्षा करतो तिथे ते थांबतही नाही. नोव्हेंबरातील 'सेव्हन कम इलेव्हन' आणि जानेवारी १९४१ मधील 'आय फाउंड अ न्यू बेबी' यांचा क्रम त्यानंतरचा. या तीन तबकड्यांत अनावश्यक असा एक स्वर मला सापडत नाही. तीन मिनिटांच्या बंधनाने त्याचे नुकसान झाले, असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. बंधनाने त्याला रेखीव केले. मात्र ते बंधन सुटल्यावर तो कसा वाजवीत असेल, हा प्रश्न उरतोच.

मध्येच एक वेगळी तबकडी ऐकावी. ५ फेब्रुवारी १९४१ रोजी क्लॅरिनेटवादक एडमंड हॉल याच्या चौकडीने ब्लू नोट कंपनीसाठी चार मुद्रणे केली. त्यांत ढोल नाही. मीड लक्स लुइस सेलेस्टा वाजवतो आणि त्या वाद्याचा आवाज मंदिरातल्या लहान घंटेसारखा किणकिणता आहे. ख्रिश्चनच्या हाती येथे साधी, विजेविना वाजणारी गिटार आहे. 'प्रोफाउंडली ब्लू' ही चीज रात्री, दिवे मालवून ऐकण्याची आहे. त्याची किमया केवळ यंत्राची होती असे ज्यांना वाटत असेल, त्यांना या चौकडीत पुरेसे उत्तर आहे.

बंधन सुटल्यावर तो कसा वाजवी, ते मिन्टनच्या मुद्रणांवरून कळते. हार्लेममध्ये ११८व्या रस्त्यावर 'मिन्टन्स प्लेहाउस' नावाचा एक क्लब होता. गुडमनचे काम आटोपले की ख्रिश्चन तिथे जाई आणि उशिरापर्यंत वाजवी. थेलोनियस मंक तेथील पियानोवादक, केनी क्लार्क ढोलावर. 'बीबॉप' या नावाने पुढे ओळखली गेलेली शैली ज्या थोड्या जागी आकार घेत होती, त्यांपैकी ही एक. जेरी न्यूमन हा कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थी आपले तबकडी कोरण्याचे सुटसुटीत यंत्र घेऊन तिथे येत असे. मे १९४१ मध्ये त्याने जे टिपले, त्यातील एक मुद्रण पुढे 'स्विंग टू बॉप' या नावाने प्रसिद्ध झाले. ती चीज वास्तविक 'टॉप्सी'. 'बॉप' हा शब्द रूढ होण्यापूर्वीच्या वादनाला तो मागाहून चिकटवला गेला, आणि इतिहासाने ते नाव तसेच चालू ठेवले.

मुद्रण सुरू होते तेव्हा वादन आधीच रंगात आलेले आहे, जणू मैफलीचे दार कोणी मधूनच उघडावे. जवळजवळ नऊ मिनिटांच्या या मुद्रणात ख्रिश्चन आवर्तनामागून आवर्तन वाजवतो. चिजेच्या मुख्य भागात तो एखादा छोटासा तुकडा धरून घोळवतो, आणि मधल्या आठ मात्राखंडांत शिरताच स्वरावली लांबवीत, अनपेक्षित स्वरांना स्पर्श करीत बाहेर पडतो. स्टुडिओतल्या तबकड्यांत या विचाराची बीजे दिसतात; इथे त्याचा विस्तार ऐकू येतो. यंत्र घेऊन येणारा तो विद्यार्थी नसता, तर मिन्टनमधला ख्रिश्चन आपल्याकडे बखलेबुवांसारखाच केवळ आठवणींतून आला असता.

४ मार्च १९४१ ची 'सोलो फ्लाइट' हीही टाळू नये. मोठ्या वृंदापुढे गिटारीने आरंभापासून अखेरपर्यंत नायकत्व करावे, अशी रचना तोवर दुर्मीळच होती. ऑगस्ट १९४२ पासून वादकसंघटनेच्या संपामुळे नवी मुद्रणे थांबली, तेव्हा कंपन्या जुनी शिलकीतली काढू लागल्या, आणि ही तबकडी बाजारात आली ती वादक मृत्यू पावल्यानंतर. जून १९४१ मध्ये क्षयाने त्याला अंथरुणाला खिळवले होते. स्टॅटन आयलंडवरील सीव्ह्यू रुग्णालयात २ मार्च १९४२ रोजी तो गेला. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. गुडमनकडील त्याची सारी कारकीर्द जेमतेम बावीस महिन्यांची.

सर्वांत शेवटी 'वेटिंग फॉर बेनी' ऐकावी, असे मी सुचवीन. १३ मार्च १९४१ रोजी वादक स्टुडिओत जमले होते, गुडमन यायचा होता. तंत्रज्ञ यंत्र तपासून पाहत होते, आणि वेळ काढण्यासाठी या मंडळींनी सहज वाजवायला घेतले. मालक नाही, घड्याळ नाही. ख्रिश्चन एक साधा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो आणि बाकीचे त्याच्याभोवती गोळा होतात. त्याच दिवशी रीतसर मुद्रित झालेल्या 'अ स्मूद वन' या चिजेची गत त्यातूनच ओळखू येते. हे मुद्रण १९५५ साली दीर्घवादन तबकडीवर प्रसिद्ध झाले. कोलंबिया कंपनीसाठीची १९३९ ते १९४१ मधली वादने २००२ साली चार सीडींच्या संचात एकत्र निघाली. मिन्टनची मुद्रणे त्या संचात नाहीत. ती निराळी शोधावी लागतात.