वामनदादा कर्डक यांची गीते : जातिअंताच्या लढ्याचे एक ऐतिहासिक साधन

महाराष्ट्रातील जातिविरोधी चळवळीचा इतिहास प्रामुख्याने ग्रंथ, वृत्तपत्रे व भाषणे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून वंचित ठेवले गेले, त्याच्यापर्यंत हा विचार मुख्यतः गाण्यातून पोहोचला. या दृष्टीने लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गीतांचा विचार होणे अगत्याचे आहे.

गायनातून प्रबोधन करण्याची परंपरा कोल्हापूर परिसराला परिचित होती. १९११ मध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या पाठबळाने येथे सत्यशोधक समाजाची शाखा स्थापन झाली. तमाशाचा साचा स्वीकारून त्यात समाजसुधारणेचा आशय भरणारे सत्यशोधक जलसे पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत लोकप्रिय झाले. मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचा जाहीर पुरस्कार केला. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक प्रभृतींनी आंबेडकरी जलसे उभे केले.

वामनदादा याच परंपरेचे वारस होत. नाशिक जिल्ह्यातील देशवंडी (ता. सिन्नर) येथे जन्मलेल्या वामनदादांनी मुंबईत मजुरी केली व तेथेच प्रौढपणी अक्षरओळख करून घेतली. निरक्षर श्रोत्याची ग्रहणशक्ती त्यांना अनुभवाने ठाऊक होती. म्हणूनच त्यांची रचना सोपी, बोलीशी जवळीक साधणारी व सहज पाठ होणारी आहे. १९५६ मधील धर्मांतर व त्याच वर्षीचे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण यांनंतर गावोगावच्या वस्त्यांत हा विचार जागता ठेवण्याचे कार्य त्यांच्या गीतांनी केले. जातीबरोबरच संपत्तीच्या विषम वाटपावरही त्यांनी बोट ठेवले.

अमेरिकेत पॉल रोब्सन या कृष्णवर्णीय गायकाने गुलामांची गाणी जागतिक व्यासपीठावर नेऊन वर्णभेदाला आव्हान दिले. त्याचे पारपत्र शासनाने १९५० मध्ये रद्द केले. ते त्याला १९५८ मध्ये परत मिळाले. रोब्सन कायद्याचा पदवीधर होता, तर वामनदादांना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. तथापि, अवमानित समाजाला स्वत्वाची जाणीव करून देणे हे दोघांच्याही गायनाचे प्रयोजन होते.

मौखिक परंपरेत गीत टिकते, पण कर्त्याचे नाव, रचनेचा प्रसंग व मूळ पाठ हळूहळू पुसट होतात. वामनदादांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांनी या श्रोत्यांच्या आणि सहगायकांच्या मुलाखती आताच ध्वनिमुद्रित न केल्यास चळवळीच्या इतिहासातील ऐकणाऱ्यांची बाजू कायमची अलिखित राहील.