पडद्यावरचे टेबल आणि वारणेचा ऊस

२४ जानेवारी १९८४ रोजी ॲपल कंपनीने मॅकिंटॉश हा संगणक बाजारात आणला. १२८ किलोबाइट स्मृती, नऊ इंची कृष्णधवल पडदा आणि २,४९५ डॉलर किंमत हा सारा जामानिमा आज खेळण्यातला वाटेल. त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे ते त्याच्या कार्यप्रणालीत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. तोवर बहुतेक संगणकांना आज्ञा द्यायची ती अक्षरे टंकून. एक अक्षर चुकले की आज्ञा फुकट जाई. मॅकिंटॉशच्या पडद्यावर मात्र टेबल मांडलेले होते. त्यावर कागद, कागद ठेवायला फोल्डर, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. हवे ते शब्दांत सांगण्याऐवजी माऊस सरकवून चित्राकडे बोट दाखवायचे.

ही कल्पना मुळात ॲपलची नव्हती. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हा चित्रमय पडद्याचा संगणक तयार झाला होता, आणि पडद्यावरचे टेबल विक्रीस आले ते त्याच कंपनीच्या १९८१ सालच्या ‘स्टार’बरोबर. ही चैन सामान्य ग्राहकाच्या आवाक्याकडे आणली, हे ॲपलचे कर्तृत्व. बिल ॲटकिन्सन यांनी रचलेली ‘क्विकड्रॉ’ ही चित्रणव्यवस्था ६४ किलोबाइटच्या कायमस्वरूपी स्मृतीत इतर गोष्टींबरोबर बसवलेली होती. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक चौकट ती ठिपक्याठिपक्यांनी रेखाटत असे. चिन्हांना आणि अक्षरांना रूप दिले ते सुझन केअर यांनी.

या चित्रभाषेमागे एक वचन होते: यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये आता जाणकार मध्यस्थाची गरज उरणार नाही. पाहता येते त्याला वापरता येईल. हे वचन खरेच लोकशाहीवादी होते. परंतु पाहिलेले ओळखू यायचे, तर ते आधी परिचयाचे असावे लागते. मॅकिंटॉशचे टेबल हे अमेरिकन कचेरीतल्या कारकुनाचे टेबल होते. आपल्याकडच्या जुन्या दप्तरखान्यांत, कोल्हापूरच्याही, कागद रुमालात बांधून ठेवण्याची रीत होती. तिथे जन्मलेल्या संगणकावर कदाचित फोल्डरऐवजी रुमालाचे चित्र आले असते. अर्थात तेही कारकुनाचेच चित्र ठरले असते. ज्याचे काम टेबलावर चालतच नाही, त्याचे काय, हा प्रश्न रुमालानेही सुटत नाही.

तो प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात प्रत्यक्ष उभा राहिला. पन्हाळा तालुक्यातील वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती मोठा सहकारी परिसर वाढला. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि सहकारी संस्था यांच्या खर्चाने येथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे त्याच्या कक्षेत होती. एव्हाना टेबलाची कल्पना विंडोजच्या रूपाने जगभर पसरली होती. गावोगावी संगणककेंद्रे होतील, शेतकऱ्याला शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती मिळेल, असे चित्र रंगवले गेले. मात्र त्या काळच्या विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोयही नव्हती. ती आली विंडोज २००० पासून.

प्रत्यक्षात ही केंद्रे चालली ती मुख्यतः उसाच्या हिशेबावर. आपला ऊस किती टन भरला, तोडणीची परवानगी कधी, खत किती मिळणार, बिल किती झाले? शेतकरी केंद्रात येई, ऑपरेटरला विचारी, आणि ऑपरेटर पडद्यावर पाहून सांगे. ज्याला हद्दपार करण्यासाठी पडद्यावर टेबल मांडले होते, तो मध्यस्थ त्याच टेबलापाशी पुन्हा येऊन बसला. शेतकऱ्याला हवे होते दोन-चार आकडे. ते पोहोचवण्यासाठी संगणक, वीज, दुरुस्ती आणि एक खोली एवढा पसारा सांभाळावा लागत होता.

मग मायक्रोसॉफ्टच्याच बंगळूर येथील संशोधनसंस्थेने वारणेत एक प्रयोग केला. २००७ साली ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. सात गावांत आठ महिने संगणकाचे सारे काम मोबाइलच्या एसएमएसवर सोपवले गेले. ही पद्धत स्वस्त ठरली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडली. ज्या कंपनीने खिडक्या घराघरांत पोहोचवल्या, तिच्याच संशोधकांनी खिडकी मिटून अक्षरांकडे परतण्याचा मार्ग दाखवला, हा योगायोग मोठा बोलका आहे.

यावरून चित्रमय संगणक फसला असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. त्याच २००७ साली ॲपलने आयफोन आणला. चित्रे त्यावरही होती, पण टेबल, फोल्डर आणि कचऱ्याची टोपली मुख्य पडद्यावरून गेली होती. उपमा बदलली, बोट दाखवणे राहिले. आज उसाच्या बांधावरचा माणूसही पडद्यावर बोट फिरवतो, आणि त्यासाठी त्याला कोणाच्या कचेरीतले फर्निचर ओळखावे लागत नाही. ‘सोपे’ हा शब्द एकट्याने अपुरा असतो, हे वारणेने दाखवले. ‘कोणाला सोपे’ हे विचारल्याशिवाय संगणकाचा इतिहास लिहिला, तर तो टेबलाशी बसलेल्यांचाच इतिहास होईल.