सोसायटीत बिबट्या आला, तर चूक कोणाची? मानपाड्यातून समजून घ्या नीतिशास्त्राचे पहिले प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरचं मानपाडा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या येऊर बाजूच्या जंगलाला लागून आहे. अशा भागात सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद ठरलेला: 'बिबट्या आपल्या हद्दीत शिरला' की 'आपणच त्याच्या हद्दीत शिरलो'? हा वाद नीट सोडवायला घेतला, तर तत्त्वज्ञानाचे तीन मूलभूत प्रश्न समोर येतात.

१. माहिती मिळाली की उत्तर मिळतं का?

उघड्यावर कचरा असेल तिथे भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ही वस्तुस्थिती आहे. पण 'म्हणून बिबट्या पकडा' किंवा 'म्हणून कचरा उचला' हे त्यातून आपोआप निघत नाही. 'असं आहे' यावरून थेट 'असं करावं' ठरत नाही, याकडे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकात लक्ष वेधलं. मधे एखादं मूल्य लागतंच: कोणाचा जीव मोलाचा? फक्त माणसाचा, की बिबट्याचाही?

२. श्रद्धेचं उत्तर सर्वांना लागू होतं का?

वारली समाज वाघोबाला देव मानतो. शहरात वसुबारस असते, त्याच दिवशी अनेक आदिवासी पाड्यांवर वाघबारस साजरी होते. इथे बिबट्याशी असलेल्या नात्यात भीती आहे, तसा मानही आहे. पण जो वाघोबाला मानत नाही, त्याला काय सांगणार? त्याच्यासाठी श्रद्धेपलीकडचं कारण द्यावं लागतं.

३. मग योग्य कसं ठरवायचं?

जेरेमी बेंथम यांच्या मते प्राण्याला वेदना होतात, एवढं कारण पुरेसं आहे. इमॅन्युएल कान्ट यांचं म्हणणं वेगळं: प्राण्यांशी क्रूर वागणारा माणूस हळूहळू माणसांशीही निष्ठुर होतो.

परिणामही पाहायला हवेत. जुन्नर भागातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा सोडलेल्या ठिकाणांजवळ माणसांवरचे हल्ले वाढले, असं विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे 'आमच्याकडून घेऊन जा' या मागणीने धोका संपत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी मुलांच्या दारात जातो. हे न्याय्य आहे का?

कायदा आहे, मग प्रश्न कशाला?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला संरक्षण आहे. संविधानाच्या कलम ५१-क नुसार प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकांचं मूलभूत कर्तव्य आहे. पण कायदे बदलतात. ते योग्य आहेत का, हे तपासायला नीतिशास्त्र लागतं.

थोडक्यात

पुढच्या वेळी ग्रुपवर असा वाद पेटला, तर तीन गोष्टी वेगळ्या करा: यात माहिती कोणती, श्रद्धा कोणती आणि मूल्य कोणतं? त्यानंतर आणखी एक विचारा: आपण सुचवतोय त्या उपायाची किंमत कोण मोजणार?