वर निखारा, खाली निखारा

महाडहून रायगडाकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत नाते हे गाव लागते. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी या गावी झाला, एवढी त्याची ओळख सुशिक्षित वाचकास असते. पैशाअडक्याच्या शास्त्रात आम्हांस फारशी गती नाही. आम्ही या गावाकडे वळतो ते तेथील चुलीसाठी. देशमुख ज्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले, त्या समाजाच्या घरांतून ‘निनाव’ नावाचा एक भाजीव पदार्थ पिढ्यान् पिढ्या होत आला आहे, आणि फ्रान्सच्या लोरेन प्रांतातून जगभर गेलेल्या ‘कीश’ नावाच्या पदार्थाशी त्याचे नाते आम्हांस दिसते. (मराठीतील खोबऱ्याच्या किसाशी मात्र या कीशचा काहीएक संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे.)

अलीकडे आपल्याकडील काही भगिनी घरच्या घरी कीश करू लागल्या आहेत. ती चांगली साधली की शेजारीपाजारी कौतुकाने म्हणतात, ‘ही भाजण्याची विद्या आपली नव्हे, साहेबाने ओव्हन आणला, तेव्हा आपण शिकलो.’ हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. आणि त्यामुळे आपल्या आज्यांच्या हातची एक विद्या त्यांच्या पदरी न बांधताच आपण विसरून चाललो आहोत, म्हणून हा प्रपंच.

प्रथम कीश म्हणजे काय ते पाहू. मैद्याची पातळ पारी थाळीत बसवावयाची, तिच्यात अंडी व दूध वा साय यांचे फेटलेले मिश्रण ओतावयाचे, आणि ते सारे मंद धगीवर घट्ट होऊ द्यावयाचे. लोरेनच्या मूळच्या रीतीत खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे पडत. चीज ही नंतरची भर. नावाचे मूळ जर्मन ‘कूखेन’, म्हणजे केक, या शब्दात सांगतात. ते नवल नव्हे, कारण हा प्रांत सीमेवरचा. १७६६ साली तो फ्रान्सच्या राज्यात विलीन झाला, आणि पुढे १८७१ ते १९१८ या काळात त्याचा काही भाग जर्मनीकडे होता. प्रारंभी पारीही मैद्याची नसे. पाव भाजण्याच्या दिवशी उरलेले आंबवलेले पीठ पातळ लाटून तिची पारी करीत.

अंड्यांच्या बाबतीत आपल्या वाचकांस ठाऊक असलेली एक गोष्ट येथे आठवते. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर अंडी, दूध व लोणी हेही वर्ज्य असे. कोंबड्यांना उपवासाचे पंचांग कोण समजावणार? चाळीस दिवसांची अंडी साठत, आणि ईस्टरला अंड्यांच्या पदार्थांना ऊत येई. लोण्यासाठी सूट मिळे, पण ती द्रव्य मोजून. रूआं येथील कॅथेड्रलचा जो बुरूज सोळाव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला, त्याला लोक आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात.

आता भट्टीकडे येऊ, कारण खरा मुद्दा तेथे आहे. फ्रान्समधील शेतकऱ्याच्या घरी भट्टी असेच असे नाही. अनेक गावांतून ती जमीनदाराची असे. पाव तेथेच भाजला पाहिजे आणि त्याचा मोबदला दिला पाहिजे, असा दंडक होता. हा हक्क मोडला तो १७८९ च्या क्रांतीनंतरच्या कायद्यांनी. मग घरच्या घरी काही भाजावयाचे झाल्यास तेथील गृहिणी काय करी? चुलाण्याच्या निखाऱ्यांवर भांडे ठेवी, त्यावर काठ असलेले जड झाकण घाली, आणि झाकणावरही निखारे पसरी. घरोघरी लोखंडी शेगडीला जोडलेला ओव्हन आला तो एकोणिसाव्या शतकात.

वाचकहो, हेच चित्र आमच्या कोकणात पाहा. निनावासाठी डाळीचे पीठ व थोडी कणीक तुपावर खमंग भाजतात. त्यात गूळ व नारळाचे दूध घालून ते शिजवून दाट करतात. जायफळ-वेलचीचा वास देतात. मग तूप लावलेल्या जाड बुडाच्या भांड्यात ओतून भांडे मंद निखाऱ्यांवर, आणि झाकणावर पुन्हा निखारे. वरची बाजू तांबूस झाली, कड सुटली, की निनाव झाला. जून काकडीचे धोंडसही असेच होते. पाठारे प्रभूंचे कोळंबीचे भानोळे तर तिखटामिठाचेच. डाळीच्या पिठात कोबी, कांदा व कोळंबी कालवून ते असेच दुहेरी धगीवर भाजतात. गोव्याच्या बेबिंकेत अंड्याच्या बलकाचा व नारळाच्या दुधाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजून घ्यावा लागतो. बेबिंकेत पोर्तुगीज हात आहे हे उघड आहे. निनावाला तसा हात लावण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

रायगड जिल्ह्याची पोपटी तर याहूनही साधी. भाताची कापणी झाल्यावर थंडीत वालाच्या शेंगा भरल्या, की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यात शेंगा, बटाटे, कोंबडी आणि अंडीसुद्धा रचतात. तोंड पाल्याने बंद करून मडके शेतात पालथे घालतात आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. चहूबाजूंच्या धगीने आतले भाजून निघते. ओव्हन याहून वेगळे काय करतो?

आमच्याकडे नव्हती ती पारी. महाड-पोलादपूरचा मुलूख भाताचा आणि नाचणीचा. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही. थंड लोण्यात चोळून त्याची पारी लाटू गेल्यास ती फुटते. म्हणून येथे पारीचे काम पानाने केले: पानगी केळीच्या पानात भाजतात, पातोळे हळदीच्या पानात उकडतात. पान खावयाचे नाही, पण वास देऊन जाते. यात उणेपणा मानण्याचे कारण नाही.

आता कृती. २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम थंड लोणी व चिमूटभर मीठ बोटांच्या टोकांनी रव्यासारखे चोळावे. तीन-चार चमचे गार पाण्याने गोळा करावा. मळू नये, मळल्यास पारी वातड होते. अर्धा तास थंड जागी ठेवून लाटावे व नऊ इंची थाळीत बसवावे. तळाला काट्याने टोचे मारून, वर कागद आणि कागदावर कोरडे वाल पसरून पंधरा मिनिटे भाजावे. वजनाने पारी फुगत नाही. कागद व वाल काढून आणखी पाच-सात मिनिटे भाजावे. तीन अंडी ३०० मिलिलिटर सायीच्या दुधात फेटून मीठ-मिरी घालावी. आत परतलेला कांदा व सोललेले, शिजवलेले कडवे वाल घालावे, असे आमचे मत. लोरेनकरांना ते पटेल असे नाही. अंडे सुमारे ८० अंश उष्णतेला घट्ट होते, त्याहून फार तापले तर फाटून पाणी सुटते. म्हणून धग मंद ठेवावी: ओव्हनात १८० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटे. थाळी हलविल्यावर मधला भाग किंचित थरथरला पाहिजे. तेवढ्यावरच उतरवावी, बाकीचे काम तिची स्वतःची ऊब करते.

१९८२ साली अमेरिकेत, खरे पुरुष कीश खात नाहीत अशा शीर्षकाचे एक विनोदी पुस्तक फार खपले होते. नात्यासारख्या गावात पुरुषांपुढे निनाव ठेवून पाहावा. पुरुषार्थ आड येईल असे वाटत नाही.

पण हे निखारे आता कुठे आहेत? गॅसची शेगडी आली, आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर ती खेड्यापाड्यांतून आणखी पसरली. धुराने बायकांचे डोळे आणि छाती जळत, ते थांबत असेल तर त्याबद्दल कोणी हळहळू नये. मात्र गॅसला निखारा नाही. ज्योत खालून लागते, वरून काहीच नाही. म्हणून निनाव एक तर विजेच्या ओव्हनात जातो, नाही तर होतच नाही. कोणत्या लाकडाचा निखारा किती वेळ टिकतो, गोवरीची धग कशी मंद असते, झाकणावर किती पसरावा, हे हाताला ठाऊक असलेल्या स्त्रिया आता थकल्या आहेत. त्यांच्याजवळ बसून ते लिहून घेण्याचे काम कोणत्याही घरातील नात करू शकेल.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड पातेल्यात दोन बोटे वाळू घालून, झाकून ती पंधरा मिनिटे तापवावी, तिच्यावर तिवई ठेवून थाळी ठेवावी आणि पुन्हा झाकावे. वेळ अधिक लागेल. खालची पारी चांगली भाजेल, पण वरचा भाग पांढराच राहील. त्यासाठी दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा खूप तापवावा आणि शेवटची काही मिनिटे झाकणाच्या जागी तो पातेल्यावर ठेवावा.