लघु लिनक्स प्रणाली
लघु लिनक्स प्रणाली : कमी स्मृतीच्या व मंद गतीच्या संगणकांवर चालावी म्हणून आटोपशीर केलेली लिनक्स परिचालन प्रणाली. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्झ यांनी १९९१ मध्ये इंटेल ८०३८६ या प्रक्रियकासाठी लिनक्सचा गाभा लिहिला. पुढे चित्रमय पडदा, ध्वनी, आंतरजाल इत्यादींची भर पडून तीवर आधारलेली प्रचलित वितरणे अवजड होत गेली. तथापि मूळ आज्ञावली सर्वांस खुली असल्याने अनावश्यक भाग वगळून नवे वितरण सिद्ध करणे कोणासही शक्य होते.

ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये अनेक आज्ञा एकाच आज्ञावलीत सामावणारे ‘बिझीबॉक्स’ तयार केले. एका फ्लॉपीवर प्रणाली बसविणे हा त्याचा उद्देश होता. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांची ‘पपी’ (२००३) व सुमारे १० मेगाबाइटची ‘टायनी कोअर’ (२००९) ही प्रसिद्ध वितरणे होत. त्यांतील संक्षेपित धारिका थेट स्मृतीत उतरत असल्याने जुन्या, मंद तबकडीवरील भार टळतो. स्थापनेपूर्वी प्रणाली सीडीवरूनच चालवून पाहता येते. नंतर तबकडीचे विभाग पाडतात; स्मृती अपुरी असल्यास एक विभाग अदलाबदलीसाठी राखतात.

महाराष्ट्रात या तत्त्वाचा उल्लेखनीय प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये झाला. अमेरिकेतील निकोलस नेग्रोपाँटी यांच्या ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या योजनेतील ‘एक्सओ’ यंत्रे तेथील मुलांना देण्यात आली. त्यांत ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती व १ गिगाबाइट साठवण होती आणि फेडोरावर आधारित लिनक्स चाले. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदल्याच वर्षी ही योजना नाकारली होती. १०० डॉलर किंमतीचे उद्दिष्टही साधले नाही. २००७ मध्ये ती सु. १८८ डॉलर होती. यंत्रास वीज मात्र अत्यल्प लागे. त्या दशकात मूर्तिजापूर, दर्यापूर यांसारख्या वऱ्हाडातील गावांनाही भारनियमनाचा जाच असल्याने या गुणाचे महत्त्व सहज ध्यानी येते.

आकार घटविण्याची खरी किंमत भाषेच्या बाबतीत मोजावी लागते. देवनागरीतील जोडाक्षरे व वेलांट्या योग्य जागी बसण्यासाठी टंकाखेरीज अक्षरजुळणी करणारी वेगळी आज्ञावली लागते. प्रणाली लहान करताना बहुधा हेच भाग वगळले जातात आणि यंत्र चालू असूनही मराठी मजकूर वाचता येत नाही. म्हणून शाळेसाठी प्रणाली निवडताना हे भाग प्रथम पाहणे अगत्याचे ठरते.

जुन्या यंत्रांना मिळणाऱ्या या आधारालाही मर्यादा आहेत. ज्या ८०३८६ साठी लिनक्स जन्मास आली, त्याचा आधार २०१३ मधील ३.८ या आवृत्तीपासून काढून घेण्यात आला. जुनी आवृत्ती अशा यंत्रावर पुढेही चालते. परंतु तीत सुरक्षिततेच्या सुधारणा होत नसल्याने ते यंत्र आंतरजालाला न जोडता लेखन, गणित व अध्यापन यांसाठी वापरणे श्रेयस्कर होय.