सिंदखेडचा राजवाडा आणि त्याची तळी

मेहकराहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे गाव लागते. पुण्यामुंबईचे किंवा नागपूरचे प्रवासी येथवर येतात ते बहुधा लोणारचे सरोवर पाहण्यासाठी. उल्कापाताने काळ्या पाषाणात खोदून ठेवलेले ते खारे तळे आणि त्याच्या काठची जीर्ण देवळे पाहून झाली, गावातील दैत्यसूदनाच्या मंदिरापुढे दोन घटका थांबून झाले, की मंडळी आल्या वाटेने परत फिरतात. सुलतानपुराहून पश्चिमेस त्याच सडकेने तशीच पुढे वाटचाल केली असता सिंदखेडराजा येते, आणि तेथे एक राजवाडा व मनुष्याच्या हातची दोन उत्तम तळी आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून गावाचे नाव सर्वांच्या ओठी असते. परंतु नाव ठाऊक असणे निराळे आणि गाव पाहिलेले असणे निराळे.

आजच्या भाषणात त्या वाड्याविषयी, त्या पाण्याविषयी आणि या दोहोंचे पुढे काय व्हावे याविषयी काही सांगावयाचे योजिले आहे.

सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. वंशावळींचा वाद आपण वंशावळकारांवर सोपवू. पण एवढे खरे की, सोळाव्या शतकाच्या अखेरीस लखुजी जाधव हे निजामशाहीतील अव्वल दर्जाचे सरदार होते व सिंदखेड हे त्यांचे ठाणे होते. याच वाड्यात जिजाबाईंचा जन्म झाला. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतिथी म्हणून पाळली जाते व त्या दिवशी गावात माणसांचा महापूर लोटतो. होळीच्या रंगाचा तो प्रसिद्ध प्रसंग, म्हणजे लहानग्या शहाजीवर व जिजाऊवर रंग उडताना पाहून लखुजींच्या तोंडून सोयरिकीचे शब्द निघून गेले ही गोष्ट, बखरकारांनी मोठ्या हौसेने रंगविली आहे. गावकरी ती येथल्या रंगमहालाशी जोडतात. इतिहासाच्या तराजूत तिचे वजन किती भरेल हा प्रश्न वेगळा; परंतु रंगमहाल उभा आहे आणि गोष्टही उभी आहे. एकीला दुसऱ्याचा आधार मिळाला म्हणजे दोन्ही दीर्घकाळ टिकतात.

लखुजींचा शेवट मात्र बखरीच्या रंगाचा नाही. काही काळ मोगलांच्या पक्षास राहून ते पुन्हा निजामशाहीत परतले, आणि २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात दगाबाजीने त्यांची, त्यांच्या पुत्रांची व नातवाची एकाच वेळी कत्तल झाली. शिवजन्मास तेव्हा सातच महिने उरले होते. म्हणजे माहेरचे कर्ते पुरुष एका दिवसात गेल्याची वार्ता जिजाबाईंनी ऐकली ती गर्भारपणात. पुढे त्यांनी पुत्राला काय शिकविले याची चर्चा आपण फार करतो. ही एक तारीख त्या चर्चेत क्वचितच येते.

गावात लखुजींची समाधी आहे. ती पाहणारा प्रथम तिच्या आकारानेच थबकतो. एका हिंदू सरदाराची छत्री म्हणून डोळे काही वेगळे शोधीत असतात, आणि समोर मात्र दख्खनच्या मकबऱ्यांची आठवण करून देणारी भरभक्कम इमारत उभी असते. त्यात नवल मानण्याचे कारण नाही. त्या काळचा मराठा सरदार आणि त्याचा मुसलमान धनी एकाच गवंड्याकडून बांधून घेत असत; जेथे लढत तेथे लढत, पण चुना एकाच घाणीत मळला जाई.

आता वाड्याकडे वळू. त्याचा दरवाजा अजूनही पाहणाऱ्याला मान वर करावयास लावतो. तट आहेत, जोती आहेत, जन्मस्थान म्हणून दाखविली जाणारी जागा आहे, समोर नगरपालिकेने केलेली बाग आहे. नाही ते एवढेच की, वाड्यात वाड्याचे म्हणावे असे सामान नाही. येथे राहणाऱ्यांनी वापरलेली चौरंगे, समया, शस्त्रे, चित्रे, पडदे, दप्तरे यांतले काही नाही. सिंदखेडला येऊन ज्यांची निराशा होते त्यांची ती येथेच होते, आणि मला वाटते ती निराशाच अधिक विचार करण्याजोगी आहे.

तुलनेसाठी आपण एकदम कोकणात उतरू. सावंतवाडीच्या राजवाड्यापुढेही एक तळे आहे आणि योगायोग असा की त्याचेही नाव मोती तलाव. ते १८७४ सालचे. वाडा त्याहून जुना, तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीतला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १९४८ साली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले. अशा वेळी संस्थानिकांच्या वाड्यांचे काय होते ते आपण पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे : कोठे कचेरी होते, कोठे महाविद्यालय, कोठे वटवाघळांची वस्ती. सावंतवाडीस निराळे घडले. तेथे चिताऱ्यांची जुनी परंपरा होती. लाकडावर लाखेचे काम आणि गंजिफा ही त्यांची खासियत. दशावतारी गंजिफेचा डाव १२० पानांचा : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा ठिपक्यांची पाने. पाने वाटोळी, हाताने रंगविलेली. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, परशुरामाची कुऱ्हाड अशी चिन्हे ओळखीत मुले अवतारांची नावे पाठ करीत. छापील पत्ते आले आणि हा खेळ व ही कला एकदमच मावळू लागली. साऱ्या सावंतवाडीत हे काम जाणणारे एखाददुसरे वृद्ध चितारी उरले असता शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्यापाशी बसून ती विद्या घेतली, दरबारमहालातच कारागिरांना बसविले आणि राजदरबाराची चित्रशाळा केली. ज्या दालनात मुजरे झडत त्या दालनात कुंचले चालू लागले. आजही वाड्यात जाणाऱ्यास जुन्या वस्तू पाहावयास मिळतात आणि नव्या घडताना दिसतात. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

परदेशात अशी उदाहरणे पुष्कळ. इटलीत कोमो सरोवराच्या काठी व्हिला कार्लोटा म्हणून एक प्रासाद आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला. पुढे सोमारीव्हा नामक धनिकाने तो घेऊन कानोव्हा व थॉर्वाल्डसेन यांसारख्या शिल्पकारांच्या कृतींनी भरला. आता ते संग्रहालयही आहे आणि उद्यानही. तेथला प्रवासी संगमरवरी मूर्ती पाहून बाहेर आला की पायऱ्यांखाली पाणी आणि भोवती फुललेली झाडे.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : वाडा कधी रिकामा झाला नाही. एक धनी गेला तर दुसरा आला. वस्तूंना छप्पर मिळत राहिले. सिंदखेडच्या नशिबी ते नव्हते. लखुजींच्या वधानंतर घराण्याच्या शाखा मोगलांकडे गेल्या. शाहू महाराज मोगलांच्या छावणीत कैदेत असता त्यांचा एक विवाह सिंदखेडकर जाधवांच्या कन्येशी झाला, एवढी त्या घराण्याची प्रतिष्ठा पुढेही होती. पण हा मुलूख रणांगणाच्या वाटेवर पडला. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी याच भागातील साखरखेर्ड्यास निजामुल्मुल्काने मुबारिजखानास मारले, आणि हैदराबादच्या राज्याचा पाया तेथे पडला. १७५७ च्या अखेरीस खुद्द सिंदखेडास मराठ्यांची व निजामाची गाठ पडली. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. प्रत्येक फेऱ्यात हलविता येण्यासारखे जे जे होते ते ते हलले. जे हलविता येत नव्हते ते राहिले : दगड आणि पाणी.

म्हणूनच सिंदखेडला खरे पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारले तर मी वाड्याआधी तळ्यांचे नाव घेईन. मोती तलावाचा बांध दर्शनी बाजूने एखाद्या किल्ल्याच्या तटासारखा बांधलेला आहे. पाणी अडविणे हे काम साध्या मातीच्या पाळीनेही साधले असते. पण बांधणाऱ्याने त्याला शोभा दिली, म्हणजे पाण्याला त्याने राजवाड्याचा मान दिला. चांदणी तलावाच्या मध्यभागी तीन मजल्यांची इमारत आहे. भरल्या तळ्यात तिचा खालचा भाग बुडतो आणि वरचा पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. सजना बारवेतून नहराने गावास पाणी पुरविले जाई. पुतळा बारव ही तर विहीर म्हणावी की शिल्पशाळा असा प्रश्न पडतो, इतक्या मूर्ती तिच्या अंगावर आहेत. नीलकंठेश्वराच्या देवळापुढची चौकोनी बारव तळापर्यंत पायऱ्यांनी बांधलेली आहे. ज्या वऱ्हाडात उन्हाळ्यात हंड्याहंड्यांसाठी मैलभर चालावे लागे, तेथे एका सरदाराच्या ठाण्यात पाण्याची एवढी व्यवस्था, आणि तीही एवढी देखणी, ही त्या घराण्याची खरी दौलत होय. काळाकोटाच्या प्रचंड भिंती पाहून लोक 'केवढे हे बांधकाम' म्हणतात. भिंती शत्रूसाठी असतात, बारव रयतेसाठी, हा भेद आपण विसरू नये.

जून २०२४ मध्ये या गावात एक विलक्षण गोष्ट घडली. लखुजींच्या छत्रीचे जतन करण्याचे काम पुरातत्त्व खात्याकडून चालू असता जमिनीखाली जुन्या शिवमंदिराचे अवशेष लागले, आणि त्याच खोदकामात शेषशायी विष्णूची एक मोठी मूर्ती निघाली. लांबी सुमारे पाऊणेदोन मीटर, उंची सुमारे एक मीटर. विष्णू शेषावर पहुडलेला, लक्ष्मी पाय चुरीत बसलेली, आणि खाली समुद्रमंथनाचा देखावा. अश्व, ऐरावत हे मंथनातून निघालेले ऐवज त्यात कोरलेले. ज्या मूर्तीवर समुद्र घुसळून रत्ने काढल्याचे दृश्य आहे ती स्वतःच मातीखालून अशी वर यावी, यावर शास्त्रीबुवांनी एखादा श्लोक रचला असता.

परंतु मौजेपेक्षा प्रश्न मोठा आहे. अशी मूर्ती ठेवावी कोठे? मेहकरचे लोक या बाबतीत एक हकीकत सांगतात. १८८८ साली तेथे जमिनीतून शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती सापडली. ती सरकार विलायतेस नेणार अशी कुणकुण लागताच गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्राणप्रतिष्ठा केली. प्रतिष्ठा झालेली मूर्ती म्हणजे देव. देव पेटीत घालून बोटीवर कसा चढविणार? मूर्ती मेहकरातच राहिली व आज पूजेत आहे. त्या काळी संग्रहालय या शब्दाचा येथल्या माणसाला ऐकू येणारा अर्थ 'आपली वस्तू परगावी जाणे' असा होता आणि तो अनुभवाने आलेला होता. त्यांना दोष देता येत नाही. मात्र पूजेतील मूर्ती ही अभ्यासकाला लोणी, शेंदूर व वस्त्रे यांच्या आडूनच पाहावी लागते, हीही अडचण खरी आहे.

सिंदखेडला यातून तिसरा मार्ग निघू शकतो. वाडा आहे, त्यासमोर बाग आहे, हाकेच्या अंतरावर तळी आहेत. लखुजींच्या घरातले सामान आता कोठून आणणार? ते आणू नये, आणि त्याच्या नकला तर मुळीच करून ठेवू नयेत. प्लास्टरचे मावळे व रंगविलेल्या तोफा यांचा सुकाळ आपल्याकडे आधीच आहे. त्याऐवजी येथली जमीन जे देते ते येथेच ठेवावे : शेषशायी, मंदिराचे कोरीव दगड, शिलालेखांचे ठसे, बारवांचे नकाशे, नहर कोठून कोठे गेला याचे एक साधे मातीचे प्रतिरूप. मग पाहणाऱ्याने दालनातून निघावे आणि ज्याचा नकाशा पाहिला ती बारव पायांनी उतरून पाहावी. असे संग्रहालय सावंतवाडीचे किंवा कोमोचे होणार नाही, सिंदखेडचे होईल. खर्चही बेताचा. अडचण आहे ती एकच : दगड राखण्याचे काम एका खात्याचे, पाण्याचे दुसऱ्याचे, बागेचे नगरपालिकेचे, आणि गाळ मात्र कोणाचाच नाही. बारवांत दरवर्षी जो कचरा साचतो त्याने शिल्पांचे नुकसान होते. पुतळा बारवेतील मूर्ती दौलताबादच्या दगाबाजीनंतर चार शतके टिकल्या, पण पिशव्या व शेवाळ यांच्याशी त्यांचा मुकाबला नवा आहे.

ज्यांना हे पाहावयाचे असेल त्यांनी १२ जानेवारीचा दिवस टाळून जावे असे मी सुचवीन. त्या दिवशी भक्तीला जागा पुरत नाही, तेथे निरीक्षणाला कोठून मिळणार? पावसाळा सरल्यावर, अश्विनाच्या सुमारास, तळी भरलेली असतात. सुलतानपूरच्या बाजूने आलात तर सकाळी लोणार करून दुपारपर्यंत सिंदखेड गाठता येते. समाधी आधी पाहावी, मग वाडा, आणि मोती तलावाचा बांध उन्हे उतरल्यावर, कारण तेव्हा त्या तटाच्या चिऱ्यांवर तिरपा प्रकाश पडून बांधणीची प्रत्येक रेघ वाचता येते.